पटावरची मुले आणि पटाबाहेरची मुले

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. उन्हाळी कांदा बराखीत पडला होता, पाऊस अजून लांब होता आणि संध्याकाळी घरातली सारी माणसे ओट्यावर टेकली होती. माझ्या चुलतीने एकाएकी मला विचारले, "तू कालेजात जातीस, तूच सांग. आमच्या छकुलीला कुठं घालायची? मळ्यातल्या शाळंत का फाट्यावरच्या इंग्लिश मिडियमला?"

घरातला कोणताही निर्णय आजवर मला विचारून झालेला नव्हता. माझे वडील चौथीपर्यंत शिकले, आईची शाळा दुसरीतच सुटली. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे प्रश्न ऐकून अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. 'दोन दिवसांनी सांगते' असे म्हणून मी वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराच्या शोधाची हकीगत आहे.

ज्या शाळेविषयी लिहिते आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही. आळे, संतवाडी, कोळवाडी, वडगाव आनंद, राजुरी या टापूत, किंबहुना जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही मळ्यात अशी शाळा वाचकांना आढळेल. दोन खोल्या, पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, पुढे कडुनिंबाचे झाड आणि मागे ऊस. मी स्वतः २०१२ साली याच शाळेत पहिलीत बसले. तेव्हा माझे मत निःपक्षपाती नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

मळ्यातली शाळा कशासाठी?

विहिरी झाल्या, कालव्याचे पाणी फिरले, आणि आपल्याकडची कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या शेतात राहायला गेली. घरे पांगली तशी मुलेही पांगली. सहा वर्षांच्या मुलाने उसाच्या कडेकडेने तीन-चार किलोमीटर चालत गावातल्या शाळेत जावे ही अपेक्षा कधीच रास्त नव्हती. त्यात बिबट्याची भीती आता बाराही महिने आहे. म्हणूनच मुलांनी शाळेकडे जाण्याऐवजी शाळेने मुलांकडे यावे, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

हा विचार नवा नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गावर, असा त्यांचा आक्षेप होता. खेडोपाडी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे ही त्यांची मागणी होती. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे पाऊल उचलले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाऊन शाळा भरवली. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. २००० नंतरच्या वस्तीशाळा योजनेमुळे शाळा अगदी वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. मळ्यातली दोन खोल्यांची शाळा ही अशा सव्वाशे वर्षांच्या खटपटीचे फळ आहे.

शाळेत उरले कोण?

मी पहिलीत होते तेव्हा आमच्या वर्गात बागायतदाराचा मुलगा होता, त्याच्याच शेतात खुरपणीला येणाऱ्या बाईची मुलगी होती, आणि दोघे एकाच पट्टीवर बसत. आळेफाट्याला कल्याण-अहिल्यानगर आणि पुणे-नाशिक हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. तिथून पिवळ्या गाड्या मळ्यामळ्यांत फिरू लागल्या आणि वर्गाचा चेहरा पालटला. आधी नोकरदारांची मुले गेली, त्यांच्यामागून बागायतदारांची. नंतर ज्यांना फी परवडत नव्हती तेही ऊसनवारी करून मुले पाठवू लागले.

मुले म्हटले ते शब्दशः घ्यावे. आमच्या घरात मी मळ्यातल्या शाळेत शिकले आणि माझा धाकटा भाऊ पिवळ्या गाडीने जातो. 'पोरगी जवळ बरी' असे तेव्हा सगळेच म्हणाले. यात मी वडिलांना दोष देत नाही, कारण पैसे एकाच मुलापुरते होते. परंतु आमच्या घरात जे घडले ते देशभरच्या पाहण्यांतही दिसते. ग्रामीण भागात सरकारी शाळेत जाण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आहे.

मग शाळेत राहिले कोण? पहिल्या, मुली. दुसरी, मजुरांची मुले. अकोले तालुक्यातून आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून ठाकर व महादेव कोळी समाजाची कुटुंबे कांदा-टोमॅटोच्या कामाला आपल्या भागात येतात. नारायणगावला पहाटे मजुरांचा जो बाजार भरतो तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काही कुटुंबे वर्षभर मालकाच्या शेतावरच राहतात आणि त्यांची मुले आमच्या शाळेत येतात. तिसरी, ऊसतोड कामगारांची मुले. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि उन्हाळा लागला की एका रात्रीत रिकाम्या होतात.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. ऊसतोडीची मुले येतात त्यानंतर. म्हणजे हिवाळ्यात जी मुले वर्गात प्रत्यक्ष बसतात, ज्यांना शिक्षक पाटीवर अक्षर गिरवून देतात, ती त्या मोजणीत कुठेच नसतात. त्यांच्या मूळ गावच्या शाळेत मात्र त्यांचे नाव असते आणि जागा रिकामी असते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले, त्यांचा काही मुलांना उपयोगही झाला. तरी एक मूल एका वर्षात दोन शाळांचे होते आणि दोन्हींकडे अर्धेच राहते, हे वास्तव बदललेले नाही.

निकाल कसा वाचावा?

यंदा आम्हाला संख्याशास्त्राची ओळख झाली. सरासरी, शतमान, विचलन हे शब्द परीक्षेपुरते पाठ करायचे असतात अशी माझी समजूत होती. चुलतीच्या प्रश्नामुळे त्यांचा खरा उपयोग कळला.

समजा, एका शाळेत चौथीत चार मुले आहेत. त्यांपैकी तिघांना नीट वाचता येते. निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी चौघांनाही येते, निकाल १०० टक्के. त्याच्या पुढच्या वर्षी चौघांपैकी दोघे शाळा बदलत बदलत आलेले आहेत, त्यांना येत नाही. निकाल ५० टक्के. तीन वर्षांत शिक्षक तेच, खोली तीच, पुस्तक तेच. कागदावर मात्र शाळा आधी 'प्रगत' झाली आणि मग 'घसरली'. शंभर मुलांच्या वर्गात एका मुलाचे वजन एक टक्का असते, चार मुलांच्या वर्गात पंचवीस टक्के. म्हणूनच शाळांची गुणानुक्रमे यादी लावली तर अगदी वरच्या आणि अगदी खालच्या अशा दोन्ही टोकांना लहान शाळा जास्त सापडतात. त्यात शाळेच्या गुणदोषांइतकाच संख्येच्या लहानपणाचा हात असतो.

दुसरी अडचण परीक्षेची. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला असे. मी चौथीत असण्याच्या सुमारास ती पाचवी-आठवीला नेण्यात आली. चौथीपर्यंतच्या शाळांचे त्यामुळे मोठे नुकसान झाले. मुलाचा पाया घालायचा मळ्यातल्या शाळेने आणि शिष्यवृत्तीधारकाचा फोटो लागायचा पाचवीच्या शाळेत. २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला, हे बरे झाले.

मुलांच्या वाचनाची देशव्यापी कल्पना 'असर' या पाहणीवरून येते. २००५ पासून ही पाहणी होत आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती शाळेत न करता घरोघर जाऊन करतात आणि मुलाला एकेकटे बसवून वाचायला देतात. आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली त्यांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर उतरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. यात सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळा आल्या. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचता येत नाही. हा आकडा वाचून कोणत्याही शाळेच्या बाजूने बोलणारा माणूस क्षणभर गप्प होईल.

खाजगी शाळांचे आकडे सरकारी शाळांपेक्षा बरे असतात, हेही खरे आहे. परंतु इथेच खरा प्रश्न सुरू होतो. तो फरक शाळेने पाडला, की शाळेत कोण गेले त्याने पाडला?

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतल्या सहा लाख विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुलांच्या गुणांतला फरक इमारत आणि साधने यांपेक्षा घरच्या परिस्थितीने अधिक पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्स्ली या दोघांनी २९ देशांची माहिती तपासली, तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकांचा प्रभाव बराच मोठा दिसला. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला शाळा हाच एक आधार. कोलमन वाचून मी खिन्न झाले होते, हे दुसरे वाचून थोडा धीर आला.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रयोग आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे झाला. सरकारी शाळेतल्या मुलांपैकी काहींना सोडत काढून खाजगी शाळेत जाण्याचा खर्च देण्यात आला. सोडतीमुळे दोन्ही गटांतली मुले घरच्या परिस्थितीने सारखी राहिली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांना चार वर्षांअंती आढळले की तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक नाही. खाजगी शाळेतल्यांना हिंदी अधिक चांगले येत होते. त्याच वेळी दर मुलामागे खाजगी शाळेचा खर्च सरकारी शाळेच्या सुमारे एक-तृतीयांश होता, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे 'फाट्यावर घातले की पोरगं हुशार होतं' हा समज टिकत नाही, आणि 'सरकारी शाळेला काही सुधारायला नको' हा समजही टिकत नाही.

दोष झाकून उपयोग नाही

मी त्या शाळेत शिकले म्हणून तिचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे. पहिलीला अक्षर गिरवायला लावून तिसरीला गणित सांगायचे, तेवढ्यात चौथीची भांडणे सोडवायची. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. मी पाचवीला गावच्या हायस्कुलात आले तेव्हा इंग्रजीच्या तासाला मला उभे राहायची भीती वाटे, आणि ती दोन वर्षे गेली नाही.

परंतु लहान शाळा म्हणजे वाईट शाळा असे समीकरण मांडणेही चूक आहे. शेजारच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा एके काळी मोजक्या मुलांवर तग धरून होती. २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक मळ्यातली शाळा जालिंदरनगर होणार नाही. पण पट कमी असणे हा काही बरा न होणारा रोग नाही, एवढे त्यावरून दिसते.

उलट घडते असे की पट हाच एकमेव निकष बनतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळे'ची कल्पना पुढे आली आणि आपल्याच जिल्ह्यातले पानशेत उदाहरण म्हणून सांगितले गेले. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक मिळतील, खेळायला जोडीदार मिळतील, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्यांच्याजवळ वाहन होते ते आधीच निघून गेले आहेत. शाळा लांब गेली तर अडचण उरलेल्यांची होते. मालकाच्या शेतावर राहणारी मजूर आई कामाचा खाडा करून मुलीला रोज सोडायला जाऊ शकत नाही.

१९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती. एका परिसरातली सगळी मुले, श्रीमंतांची आणि गरिबांची, एकाच शाळेत जावीत. आपले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. मी पहिलीत असताना आमच्या मळ्यात ती शिफारस, कोणी न वाचता, प्रत्यक्षात होती. आता ती तिथे राहिलेली नाही.

मग छकुलीचे काय?

मी माझ्यापुरती एक साधी गोष्ट केली. 'किशोर' मासिकाचा जुना अंक घेतला आणि मळ्यातली पाच-सहा मुले अंगणात बसवून एकेकाला अर्धे पान वाचायला लावले. याला पाहणी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. फाट्यावर जाणाऱ्या माझ्या भावाने इंग्रजी धडा घडाघडा म्हटला, पण मराठी पान वाचताना तो जोडाक्षरांना अडखळला आणि इंग्रजी धड्यात काय आहे ते त्याला सांगता आले नाही. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या एका मजूर मुलीने बोट ठेवून सावकाश वाचले आणि नंतर सारी गोष्ट आपल्या बोलीत रंगवून सांगितली. चौथीतल्या एका मुलाला मात्र शब्दच लागेनात. विचारले तेव्हा कळले, ही त्याची तिसरी शाळा. त्याचा अडाणीपणा आमच्या शाळेच्या नावावर मांडायचा की आणखी कुणाच्या? ज्या दिवशी तो आला त्या दिवशी त्याला काय येत होते आणि आज काय येते, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही. माझ्या मते शाळेचा खरा निकाल तोच आहे.

तिसऱ्या दिवशी मी चुलतीला सांगितले, "काकी, मळ्यातल्याच शाळंत घाल. पण तीन गोष्टी कर. रोज संध्याकाळी अर्धा तास तिला माझ्यापाशी वाचायला बसव. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला तू स्वतः जा, तिथं तीन-चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. आणि दुसरीतल्या दिवाळीला तिला गोष्ट वाचता आली नाही, तर आपण पुन्हा विचार करू."

चुलती काही बोलायच्या आत काका म्हणाले, "हां, चालंल की. पोरगीच तर हाये."

माझ्या तीन दिवसांच्या विचाराने काका पटले, असे मला क्षणभर वाटले होते. वस्तुतः त्यांचा निर्णय आधीच झालेला होता आणि त्याचे कारण माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. मी म्हटले ते झाले, पण मला जे म्हणायचे होते ते झाले नाही.

छकुली जूनमध्ये शाळेत जाऊ लागली. दिवाळीनंतर कोपीवरची एक मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली आणि दोघींची गट्टी जमली. छकुली सप्टेंबरच्या पटावर आहे, तिची मैत्रीण नाही. पाटी मात्र दोघींत एकच चालते. संध्याकाळी छकुली माझ्यापाशी काना-मात्रेचे शब्द वाचते. काकी एका सभेला जाऊन आली आणि तिथे तिने खिडकीच्या तुटलेल्या गजाचा विषय काढला.

काकांना एक मुलगाही आहे. तो आता अडीच वर्षांचा आहे. आणखी साडेतीन वर्षांनी ओट्यावर हाच प्रश्न पुन्हा निघेल. तोवर छकुली चांगली वाचू लागली, शाळेत दोन शिक्षक टिकून राहिले आणि शाळा जागेवर राहिली, तर मी त्याच्यासाठीही तेच उत्तर देणार आहे. काका तेव्हा काय म्हणतात ते ऐकण्याची मला आतापासून उत्सुकता आहे.